पाच हेक्टरांची पळवाट : पनवेलच्या दगडखाणी, पर्यावरणाचा कायदा आणि आपली चळवळ

काही वर्षांपूर्वी पनवेल तालुक्यातल्या एका जनसुनावणीला आम्ही गेलो होतो. खाणीचे आणि गावाचे नाव इथे देत नाही. कारण जे घडले ते एका खाणीपुरते नाही. मंडप होता, खुर्च्या होत्या, पाण्याच्या बाटल्या होत्या. टेबलावर पर्यावरण अहवालाचा जाडजूड गठ्ठा होता, तो इंग्रजीत. मराठी सारांश मोजक्या पानांचा. सल्लागार कंपनीच्या माणसाने पडद्यावर पक्ष्यांची यादी दाखवली, झाडांची यादी दाखवली, हवेतल्या धुळीचे आकडे दाखवले. सगळे झाल्यावर मागे उभी असलेली कातकरी वाडीवरची एक बाई म्हणाली, "यात आमची विहीर कुठल्या पानावर हाय?"

पाने उलटली गेली. विहीर सापडली नाही. वाडीही सापडली नाही. अहवालात अनुसूचित जमातीची टक्केवारी होती, जनगणनेतून जशीच्या तशी उचललेली. माणसे टक्केवारीत होती, नकाशात नव्हती.

तो प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर पर्यावरणाच्या कायद्याचा इतिहास उलगडावा लागतो. तो इतिहास आपल्या चळवळीत फारसा कुणी सांगत नाही. आरक्षण, ॲट्रॉसिटी, शिष्यवृत्ती यांचे शासन निर्णय आपल्या पोरांना तोंडपाठ असतात, पण आपल्या वस्तीमागची टेकडी कुणाच्या सहीने गेली हे माहीत नसते. म्हणून हा लेख.

1970 : एकाच वर्षातल्या दोन घटना

जगात पर्यावरणाचा परिणाम आधी तपासा आणि मग परवानगी द्या, हा कायदा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर अमेरिकेने केला. तो 1 जानेवारी 1970 रोजी लागू झाला. त्याच वर्षी 17 मार्चला महाराष्ट्रात सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या 95 गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी करायचे ठरले. तिकडे आधी तपासा म्हणणारा कायदा, इकडे आधी घ्या म्हणणारी अधिसूचना.

शहर उभे करायचे तर दगड लागतो. खडी, ग्रिट, डबर, मुरूम. मुंबईच्या इतक्या जवळ एवढा काळा पाषाण दुसरीकडे कुठे मिळणार? पारसिकच्या डोंगरापासून उलवे, कुंडेवहाळ, ओवळे या भागापर्यंत टेकड्या फुटू लागल्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तयार झालेला हा बेसाल्ट. याच पाषाणात आपल्या पूर्वजांनी कान्हेरी कोरली, कर्जतजवळची कोंडाणे लेणी कोरली. त्यांनी डोंगर आतून कोरला आणि डोंगर उभाच ठेवला. आता डोंगर वरून खाली येतो आणि ब्रासने मोजला जातो.

जमिनीच्या मोबदल्यासाठी इथल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के भूखंडाचे तत्त्व आले. हा लढा मोठा आहे, आम्ही त्याला वंदन करतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तो लढा सातबारावर नाव असलेल्यांना हिस्सा मिळवून देणारा होता. ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता, त्या कातकऱ्यांना, भूमिहीन बौद्धांना, खाणीवर पाल ठोकून राहणाऱ्या वडारांना साडेबारा टक्के कशाचे मिळणार? शून्याचे साडेबारा टक्के शून्यच.

कायद्याने दगडाला 'गौण' ठरवले

खाणींचा मूळ कायदा 1957 चा. त्याने खनिजांचे दोन वर्ग केले, प्रमुख आणि गौण. कोळसा, लोहखनिज, बॉक्साइट हे प्रमुख. बांधकामाचा दगड, वाळू, मुरूम, साधी माती हे गौण. गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार कलम 15 ने राज्यांना दिला. नावातच गौण. जे गौण, त्याची कुणी विचारपूस करत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पुढे 1984 ला भोपाळ झाले आणि 1986 ला पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याआधी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून धरणांसारख्या प्रकल्पांची पर्यावरणाच्या बाजूने तपासणी होत होती, पण ती प्रशासकीय पातळीवर. कायद्याचे बंधन आले ते 27 जानेवारी 1994 च्या अधिसूचनेने. प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी सक्तीची झाली. खाणींसाठी अट काय होती? प्रमुख खनिज हवे, आणि भाडेपट्टा पाच हेक्टरांपेक्षा मोठा हवा. म्हणजे पनवेलची दगडखाण दोन्ही चाळण्यांतून खाली पडली. खनिज गौण, आणि पट्टा लहान. जनसुनावणी सक्तीची झाली 1997 च्या एप्रिलमध्ये, पण जिथे मंजुरीच लागत नाही तिथे सुनावणी कसली?

त्याच 1994 सालची आणखी एक गोष्ट. अमेरिकेत 1982 साली नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरेन काउंटीत काळ्या लोकांच्या वस्तीजवळ विषारी कचरा टाकायला विरोध झाला. शेकडो लोकांना अटक झाली. 1987 मध्ये तिथल्या एका चर्च संघटनेने अहवाल काढून आकड्यांनिशी दाखवले की घातक कचऱ्याच्या जागा आणि वंश यांचा संबंध आहे. त्यातून पर्यावरणीय न्यायाची चळवळ उभी राहिली आणि 11 फेब्रुवारी 1994 रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना आदेश काढावा लागला की सरकारी खात्यांनी अल्पसंख्य आणि गरीब वस्त्यांवर पडणारा पर्यावरणाचा बोजा तपासावा. आपली अधिसूचना त्या आदेशाच्या अवघी पंधरा दिवस आधीची. तिकडे वंशाचा प्रश्न सरकारी कागदावर आला, इकडे जातीचा आला नाही. तो आदेश जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प सरकारने रद्द केला हेही खरे. पण जे कागदावर होते ते रद्द झाले, असे तिथले लोक म्हणू तरी शकतात. आपल्याकडे रद्द करण्यासारखे काही लिहिलेलेच नाही.

टेकडीचे तुकडे

14 सप्टेंबर 2006 ला नवी अधिसूचना आली. आता गौण खनिजेही आत आली, पण पाच हेक्टरांची रेघ तशीच राहिली. पन्नास हेक्टर आणि त्यावरच्या खाणी केंद्राकडे, पाच ते पन्नास हेक्टरांच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, आणि पाचच्या खाली काहीच नाही. पाच हेक्टर म्हणजे बारा एकरांहून थोडे जास्त. बारा एकर डोंगर पोखरा, कुणी विचारणार नाही.

मग धंद्याने काय करावे? जे आपल्याकडे जमीन कमाल मर्यादा कायद्याचे झाले तेच इथे. तिथे जमीन बायकोच्या, मुलाच्या, कधी बैलाच्या नावावर झाली असे लोक सांगतात. इथे एका टेकडीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा पाचच्या आत ठेवायचा. कागदावर चार लहान खाणी, डोळ्यांना एकच खड्डा.

ही चलाखी सर्वोच्च न्यायालयाने पकडली ती 27 फेब्रुवारी 2012 रोजी, दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात. पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजाच्या पट्ट्यांनाही, नूतनीकरणासह, पर्यावरण मंजुरी लागेल, असे न्यायालयाने सांगितले. लहान लहान पट्ट्यांचा एकत्र परिणाम मोठा असतो, हे तत्त्व मान्य झाले. पुढच्या वर्षी महाराष्ट्राने गौण खनिज उत्खननाचे नवे नियम केले, 2013 चे.

हिशेब मांडा. 1970 ते 2006, छत्तीस वर्षे, दगडखाण पर्यावरण मंजुरीच्या बाहेर. 2006 ते 2012, आणखी सहा वर्षे, लहान खाण बाहेर. म्हणजे नवी मुंबई जेव्हा दगडातून उभी राहत होती, त्या बेचाळीस वर्षांत पाच हेक्टरांच्या आतल्या एकाही दगडखाणीला "तुझ्यामुळे कुणाची विहीर आटेल?" असे विचारायचे कायद्याने बंधन नव्हते. त्या बाईची विहीर पानावर नव्हती याचे पहिले कारण हे.

एक पाऊल पुढे, दोन मागे

न्यायालयाने दार बंद केले की प्रशासन खिडकी उघडते. 15 जानेवारी 2016 ला अधिसूचनेत दुरुस्ती झाली. लहान खाणींची मंजुरी जिल्हा पातळीवरच्या प्राधिकरणाकडे दिली, आणि त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. ज्या हाताने रॉयल्टी गोळा करायची त्याच हाताने पर्यावरण सांभाळायचे. शिवाय पंचवीस हेक्टरांपर्यंतच्या खाणींना सविस्तर अहवाल आणि जनसुनावणीतून सूट. 13 सप्टेंबर 2018 ला राष्ट्रीय हरित लवादाने सत्येंद्र पांडे प्रकरणात यावर बोट ठेवले आणि पाच ते पंचवीस हेक्टरांसाठी अहवाल व लोकांचे म्हणणे ऐकणे आवश्यक ठरवले. त्यानंतर जिल्हा प्राधिकरणांचे काम थांबले आणि अर्ज पुन्हा राज्याकडे गेले.

मग 28 मार्च 2020. सगळा देश टाळेबंदीत, आपले लोक पायी गावाकडे निघालेले. त्या आठवड्यात दुरुस्ती आली की रस्ते, पाइपलाइन अशा लांबलचक प्रकल्पांसाठी माती काढायला मंजुरीची गरज नाही. मातीला मर्यादा नाही, प्रकल्पाची व्याख्या नाही. चार वर्षांनी, 21 मार्च 2024 ला, सर्वोच्च न्यायालयाने ही सूट रद्द केली. रस्त्यांच्या कामांसाठी चार वर्षांत जे डोंगर उतरले ते कोणत्या निकालाने परत चढणार?

आणि सगळ्यात ताजे प्रकरण. आधी बेकायदा काम सुरू करा, मग मंजुरी घ्या, ही पद्धत 16 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने वनशक्ती खटल्यात अवैध ठरवली. सहा महिन्यांत, 18 नोव्हेंबरला, तोच निकाल 2 विरुद्ध 1 अशा बहुमताने मागे घेतला गेला. बहुमतात सरन्यायाधीश भूषण गवई होते. असहमती न्यायमूर्ती उज्जल भुयान यांची होती.

इथे आम्हाला स्पष्ट बोलले पाहिजे. गवई साहेब सरन्यायाधीश झाले तेव्हा आम्हीही अभिमानाने पोस्ट टाकल्या होत्या. तो अभिमान आजही आहे. पण या निकालात आम्ही भुयान यांच्या असहमतीच्या बाजूने आहोत. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात राजकारणातल्या भक्तीविषयी जो इशारा दिला, तो आपल्या माणसांना लागू नाही असे त्यात कुठेही नाही. माणूस आपला म्हणून निकाल आपला होत नाही. निकालाचा भार कुणाच्या छातीवर पडतो ते पाहून निकाल आपला की परका ते ठरते.

जी खाण कागदावर खाण नव्हती

पनवेलचा सगळ्यात मोठा फुटलेला डोंगर कुठल्या क्वारीचा नाही, विमानतळाचा आहे. नवी मुंबई विमानतळाला 22 नोव्हेंबर 2010 रोजी पर्यावरण मंजुरी मिळाली. सुमारे 90 मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंगाने सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावे उठली. कागदावर ही खाण नव्हती, विकासपूर्व काम होते. 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचे उद्घाटन झाले.

याच हद्दीत वाघिवली वाड्याजवळ केरुमाता लेणी होती. ती बौद्ध लेणी आहे, तिचे संवर्धन करा, म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवला. ती वाचली नाही. आपण तेव्हा जागे झालो ते लेणीसाठी, आणि तेही उशिरा. मंजुरीच्या कागदांवर हरकत घ्यायची वेळ कधीच निघून गेली होती. अस्मितेला ठेच लागल्यावर मोर्चा काढायचा आणि कागद फिरत असताना झोपायचे, ही आपली सवय. कागद वाचणारे दुसरेच कोणी असतील असे आपण धरून चालतो.

बाबासाहेब खाणीत उतरले होते

काही मित्र म्हणतात, पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा छंद आहे. खाण बंद झाली तर आपली पोरे काय खातील? हा प्रश्न खोटा नाही. आम्ही ज्या खाणींवर जातो तिथे वडार समाजाची कुटुंबे आहेत, मराठवाड्यातून आलेले बौद्ध, मातंग, बंजारा आहेत. कुणी हातोडा चालवतो, कुणी क्रशरवर, कुणी डंपरवर. ज्या वडारांच्या हातांनी किल्ले, धरणे, रस्ते उभे राहिले, त्यांना इंग्रजांच्या काळात गुन्हेगार ठरवण्यापर्यंत मजल गेली आणि आज ते विमुक्त जातींच्या यादीत आहेत. त्यांची रोजी बुडवून डोंगर वाचवा, असे म्हणणारे पर्यावरण आमचे नाही.

पण बाबासाहेबांनी काय केले ते बघा. 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. खाणी त्यांच्या खात्यात होत्या. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले आणि मजुरांची घरे पाहिली. 1944 मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. युद्धकाळात स्त्रियांना जमिनीखाली कामाला परवानगी देण्याचा निर्णय याच खात्याचा होता. त्यावर टीका झाली, त्याचा बचावही त्यांना विधिमंडळात करावा लागला, आणि 1946 मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. हा अवघड भागही आपण लपवू नये. महत्त्वाचे हे की त्यांनी खाण हवी की नको असा प्रश्न घातला नाही. खाणीत कोण उतरते, वर आल्यावर त्याला काय मिळते, हा प्रश्न घातला.

तोच प्रश्न इथे घाला. 1952 च्या खाण कायद्यातून लहान दगडखाणींना सूट होती; पण खोली सहा मीटरच्या आत, मजूर पन्नासपेक्षा जास्त नाहीत आणि स्फोटके वापरत नाहीत, या तिन्ही अटी पाळल्या तरच. म्हणजे सुरुंग लागला की कायदा लागला. अठरा वर्षांखालच्या मुलांना मनाई तर सूट असलेल्या खाणीतही होती. मग हजेरीपट, हेल्मेट, वैद्यकीय तपासणी किती खाणींवर आम्हाला दिसली? आम्ही फिरलो त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा जाऊन सुरक्षा संहिता आली, वनशक्तीचा निकाल मागे घेतल्यानंतर तीनच दिवसांनी. पर्यावरणाचा कायदा आणि मजुराचा कायदा एकाच आठवड्यात बदलला, आणि आपल्यापैकी किती जणांनी दोन्ही बातम्या एकत्र वाचल्या?

पाणी

पनवेलमध्ये सोनबा येलवे यांची आठवण सांगितली जाते. प्रवासात बाबासाहेबांना इथे पाणी नाकारले गेले, आणि ते पुन्हा येतील तेव्हा त्यांना पाणी द्यायचे म्हणून सोनबा रोज मडके भरून वाट पाहत राहिले. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, 20 मार्च 1927 ला महाडचे चवदार तळे पेटले. आपल्या चळवळीचा जन्मच पाण्यापाशी झाला आहे.

बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून आणि सांध्यांतून वाहते. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की ते पाणी खड्ड्याकडे ओढले जाते. खड्डा भरतो, आजूबाजूची विहीर आटते. तेव्हा विहिरीवर पाटी लावून कुणाला हाकलावे लागत नाही. विहीर सगळ्यांसाठी खुली असते, फक्त तिच्यात पाणी नसते. ज्याच्याकडे बोअर आणि टँकर आहे तो निभावतो. ज्याच्याकडे नाही तो कोण, हे सांगायला जातीचा दाखला मागावा लागत नाही.

आणखी एक खाच. पेसा कायदा, 1996 चा, सांगतो की अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाच्या परवान्याआधी ग्रामसभेची शिफारस लागते. पण रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणजे पनवेलचा कातकरी आदिवासी आहे, पण त्याच्या वाडीला पेसाचे संरक्षण नाही. त्याच्याकडे उरते ती एकच जागा, जनसुनावणी. आणि पाच हेक्टरांच्या आतल्या सुट्या खाणीला आजही जनसुनावणी नाही.

मग आपण काय करायचे?

भाषणे पुष्कळ झाली. आम्ही चार कामे सुचवतो.

एक, अंतर मोजा. एका खाणीच्या हद्दीपासून पाचशे मीटरच्या आत त्याच खनिजाची दुसरी खाण असेल तर ती समूह धरली जाते. समूहाचे क्षेत्र पाच हेक्टरांवर गेले की जनसुनावणी टाळता येत नाही. मोबाइलच्या नकाशावर हे अंतर आपला दहावीचा पोरगा मोजू शकतो. टेकडीचे तुकडे जोडायचे काम आपले.

दोन, तारखा पाळा. सुनावणीची सूचना तीस दिवस आधी यावी लागते आणि तीही स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात. मंजुरीविरुद्ध हरित लवादात अपील तीस दिवसांत करायचे, सबळ कारण दिले तर आणखी साठ दिवस मिळतात. आपल्या भागाचे खंडपीठ पुण्यात आहे. मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल खाणमालकाने दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो. तो माहिती अधिकारात मागा.

तीन, अहवालात स्वतःची माणसे लिहा. वस्ती, विहीर, स्मशान, विहार, शाळेची वाट यांचा नकाशा आपण काढायचा आणि लेखी हरकतीला जोडायचा. तोंडी बोललेले इतिवृत्तात हरवते. लेखी दिले की उत्तर मागता येते. धुळीचा बोजा कोणत्या जातीच्या वस्तीवर पडतो, हा रकाना नमुन्यात नसेल तर आपण हाताने आखायचा.

चार, मजुराला बरोबर घ्या. खाणीवरच्या वडार कुटुंबाला वगळून काढलेली हरकत म्हणजे एका गरिबाने दुसऱ्या गरिबाच्या चुलीवर ओतलेले पाणी. पुण्यात संतुलन संस्थेने 1997 पासून खाणमजुरांच्या मुलांसाठी पाषाण शाळा चालवल्या. शाळा, सुरक्षा, किमान वेतन आणि विहीर या मागण्या एकाच कागदावर मांडता येतात.

आणि एक पथ्य. खाणीचा ठेका किंवा डंपरचा हप्ता आपल्याच कार्यकर्त्याच्या नावावर असेल, तर त्याने त्या गावच्या सुनावणीत चळवळीच्या नावाने बोलू नये. हे कटू आहे, पण जयंतीची वर्गणी कुठून आली हे विचारण्याचे धाडस आपल्यात नसेल, तर सल्लागार कंपनीला जाब विचारण्याचा अधिकारही आपल्याला उरत नाही.

त्या बाईच्या प्रश्नाला त्या दिवशी उत्तर मिळाले नाही. पण नंतर आम्ही तिच्या वाडीवर गेलो. दोन पोरांनी मोबाइलवर विहिरीची जागा टिपली, खाणीपासूनचे अंतर काढले, आणि लेखी हरकतीच्या पहिल्या ओळीत ती विहीर लिहिली. तिचा अंगठा त्या कागदावर आहे, तारखेसह आणि पोचपावतीसह. पुढच्या सुनावणीला कुणी विचारले की तुमची विहीर कुठल्या पानावर आहे, तर सांगता येईल, पहिल्या.

जय भीम!